विषमता वाढली की लोकशाही डळमळते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी मराठवाड्यातल्या गावांत आणि कॉलेजांत संविधानाचे अभ्यासवर्ग घेते. वर्ग संपतो, चहा येतो आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: माणसामाणसांत एवढी दरी असताना ही लोकशाही टिकणार का? पुन्हा पुन्हा विचारले गेलेले ते प्रश्न आणि माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बाबासाहेबांनी दिलेला इशारा नेमका काय होता?

तारीख २५ नोव्हेंबर १९४९. दुसऱ्या दिवशी घटना समिती राज्यघटना स्वीकारणार होती. प्रसंग अभिनंदनाचा होता, पण बाबासाहेब बोलले ते काळजीचं. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीने भरलेल्या जीवनात पाऊल टाकतो आहोत, असं त्यांनी सांगितलं. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता. मतपेटीपाशी प्रत्येक माणसाचं मत एक आणि त्या मताचं मूल्यही एक. बाहेर पडलं की माणसाचं मूल्य जात आणि जमीन बघून ठरणार. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर जे विषमतेत होरपळतात तेच राजकीय लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असं ते म्हणाले.

त्याच भाषणात आणखी दोन इशारे होते. आपली उद्दिष्टं घटनेच्या मार्गानेच साधा. आणि कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे. हे तीन इशारे आपण वेगवेगळे उद्धृत करतो, मला मात्र ते एकाच दोरीचे तीन पदर वाटतात. तहसील कचेरीत ज्याचं काम होत नाही, सभेत ज्याला बोलू दिलं जात नाही, त्याला पुढे दोनच रस्ते दिसतात. एक तर रस्त्यावर उतरायचं, नाही तर कुणातरी तारणहाराची वाट बघायची. घटनेच्या मार्गाचा आणि भक्तीचा, हे दोन इशारे न पाळले जाण्याचं कारण विषमतेच्या इशाऱ्यात आहे.

पंचाहत्तर वर्षं उलटली. डोलारा कोसळला कुठे?

कोसळला नाही, पण एकदा चांगलाच हादरला होता. तेव्हा तो कोणी सावरला हे बघायला हवं.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. शहरांतल्या कितीतरी शिकलेल्या घरांत तेव्हा गाड्या वेळेवर धावतात याचंच कौतुक चालू होतं. गरिबांच्या मात्र थेट अंगावर आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ठरवून दिलेला आकडा गाठण्यासाठी उत्तरेतल्या खेड्यांतून माणसं धरून नेली गेली. मार्च १९७७ ला निवडणूक झाली, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी एकही जागा सत्ताधारी काँग्रेसला मिळाली नाही. ज्यांच्याकडे वकील नव्हता, ओळख नव्हती, त्यांच्या हातात मत होतं. ते त्यांनी वापरलं.

म्हणून 'गरिबाला लोकशाहीचं काय पडलंय' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या कुलाबा मतदारसंघात जेमतेम ४४ टक्के मतदान झालं. गडचिरोली जिल्ह्यात ते ७० टक्क्यांच्या वर होतं. तिथे कितीतरी लोकांना मतदान केंद्रापर्यंत जंगलातून पायपीट करावी लागते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: नुसत्या विषमतेने लोकशाही पडत नाही. आपल्या मताने काहीतरी हलतं ही आशा तळच्या माणसाला जोवर आहे, तोवर तोच तिला तोलून धरतो. ती आशा आटली की मग तिच्या बाजूने उभं राहायला कोणी उरत नाही.

विषमता म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांच्यातलीच ना?

आपल्याकडे तेवढीच कधीच नव्हती. महाडचं उदाहरण घ्या. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर जायची कुणाची छाती होईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

म्हणजे कागदावरचा हक्क ओंजळीपर्यंत यायला चौदा वर्षं गेली. ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं ते लोक गरीब होते म्हणून त्यांना तळ्यावर जाता येत नव्हतं असं नव्हे. त्यांच्यातल्या शिकलेल्या, पगारदार माणसालाही तिथे जाता आलं नसतं.

पैशाची विषमताही त्यात गुंतलेली असतेच. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हीच गाठ दाखवली होती. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी इंग्रज सरकारला स्पष्ट ऐकवलं. कर कोण भरतं आणि शाळा कुणाच्या मुलांसाठी चालते, हा प्रश्न मला आजही कुठल्याही अर्थसंकल्पीय भाषणापेक्षा जास्त शिकवतो.

निदान ग्रामसभेत तरी सगळे समान असतात ना? तिथे प्रत्येक मतदार सदस्य असतो.

कायद्याने असतात. एका गावात मी जे पाहिलं ते सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण असं एकच गाव नाही.

२६ जानेवारी. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. पुरुष सतरंजीवर, बायका कडेला पायऱ्यांवर. हजेरीची वही फिरली. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला कमी आकडा लागतो. सह्या-अंगठे भरले ६१. सभा तहकूब. आठ दिवसांनी ती पुन्हा भरली, तेव्हा त्याहून कमी लोक होते. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे कामकाज सुरू झालं.

सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. सरपंचबाई खुर्चीवर होत्या, उत्तरं मात्र त्यांचे यजमान उभं राहून देत होते. विषय घरकुलाच्या यादीचा. ग्रामसेवकांनी यादी हातात धरली, वाचली नाही. वस्तीवरच्या एक विधवा मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "मागच्या यादीत माझं नाव होतं म्हणत्यात, आता हाय का न्हाई तेवढं सांगा." सरपंचांचे यजमान म्हणाले, "मावशी, बसा खाली, उद्या ऑफिसात या, बघू." आवाज चढवला नाही, प्रेमानेच म्हणाले. मावशी बसल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं: सर्वानुमते मंजूर.

त्या दिवशी गावातली निम्मी वस्ती तिथे नव्हतीच. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोणी सांगलीला, कोणी कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात. कोयता खाली ठेवून माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. २६ जानेवारीच्या सभेला ती गावात असणं शक्यच नाही. विधानसभेच्या मतदानाला या लोकांना आणायला गाड्या जातात. ग्रामसभेला आजवर एकही गाडी गेलेली मी पाहिली नाही.

बाबासाहेब ज्याला विसंगती म्हणाले ती मला इथे दिसते. मावशींचं मत आणि सरपंचांच्या यजमानांचं मत मोजताना सारखंच मोजलं जातं. पण प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळण्याचा अधिकार दोघांना सारखा नाही.

हे जुनंच दुखणं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या बनवताना उत्तरेतल्या लाखो बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद झाली. असं नाव यादीत चालणार नाही, असं निवडणूक आयोगाने ठरवलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली. आयोगाने केलं ते बरोबरच होतं, कारण पुढच्या वेळी त्याच बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक आहे असं मध्यंतरी वाचलं. खरं आहे का?

२०२५ च्या जुलैत ती बातमी फिरली. तिचा आधार होता जागतिक बँकेचा गिनी निर्देशांक: २०२२-२३ साठी २५.५. शून्य म्हणजे पूर्ण समता आणि शंभर म्हणजे सगळं एकाच माणसाच्या हातात. आकडा खोटा नाही, पण तो खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. बाकीच्या बऱ्याच देशांचे आकडे उत्पन्नावरून काढलेले असतात. खर्च माणसाच्या पोटाएवढाच वाढतो. ज्याचं उत्पन्न शंभरपट आहे तो शंभरपट भाकरी खात नाही, तो उरलेल्या पैशाचे शेअर आणि प्लॉट घेतो. शिवाय पाहणी करणाऱ्याला झोपडीचं दार उघडं मिळतं, बंगल्याचं मिळेलच असं नाही.

उत्पन्न आणि संपत्ती मोजली की चित्र बदलतं. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या १ टक्का लोकांकडे होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पन्नातला हाच वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. या अंदाजांवरही वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. दरी गेल्या चाळीस वर्षांत रुंदावली, याबद्दल मला तरी शंका नाही.

गरीब लोक पाचशे-हजारात मत विकतात. मग लोकशाही बिघडवतात ते तेच ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा मोटारीतून आलेला माणूस विचारतो. पैसे वाटले जातात, लोक घेतात, हे मी पाहिलेलं आहे. पण मतदान गुप्त असतं, त्यामुळे घेतलेल्या पैशाची मताने परतफेड झालीच पाहिजे असं काही नाही. कितीतरी लोक सगळ्यांकडून घेतात आणि मनात असेल त्यालाच मत देतात.

खरी गाठ दुसरीकडे आहे. तळच्या माणसाला हक्काची प्रत्येक गोष्ट मधल्या माणसामार्फत मिळवावी लागते. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचंय, धरा नगरसेवकाला. पोराला मोठ्या दवाखान्यात खाट हवी, आणा आमदाराची चिठ्ठी. जातीचा दाखला, पीकविमा, निराधारांचं अनुदान, सगळीकडे कुणीतरी लागतं. हक्क जेव्हा उपकार होऊन हातात पडतो, तेव्हा मत ही त्याची उतराई होते. तुमचं-माझं काम ऑनलाइन अर्जावर होतं म्हणून आपण 'स्वतंत्र' मतदार. त्या माणसाला हे स्वातंत्र्य परवडत नाही.

आणि बाजार फक्त खालीच भरतो असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. देवळाच्या बांधकामासाठी पैसे जमतात ना, मग बिघडलं कुठे, असं विचारणारे लोक मला भेटले. बिघडलं ते हे की बोली लावण्याची ऐपत नसलेल्या गावकऱ्याचं मत देवासमोरच रद्द झालं.

निवडून येणारे सगळेच करोडपती. त्यांना आपलं दुःख कसं कळणार?

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासते. तिच्या मोजणीनुसार २००९ च्या लोकसभेत ५८ टक्के खासदार करोडपती होते, २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ५०४, म्हणजे ९३ टक्के. यात जमिनींच्या वाढलेल्या किमतींचाही भाग आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला अधिकृत खर्चमर्यादा ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख. ही मर्यादा पाळली तरी शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पाच एकरांचा शेतकरी ती रक्कम आणणार कुठून? कुणाकडून तरी घ्यायची, आणि घेतली की निवडून आल्यावर पहिला फोन त्याचाच.

पक्षांना निनावी देणग्या देऊ देणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला एकमताने घटनाबाह्य ठरवले. कुणाच्या पैशावर पक्ष चालतो हे मतदाराला कळायला हवं, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या वर्गांत मी तो निकाल समजावून सांगते, तेव्हा ग्रामपंचायत सदस्य असलेल्या बायका सगळ्यात लक्ष देऊन ऐकतात. आपल्या पॅनेलला पैसा कुणी लावला हे त्यांना माहीत असतं, आणि सभेत हात कुणाच्या इशाऱ्यावर वर करावा लागतो हेही.

बाहेरच्या देशांत विषमतेमुळे लोकशाही पडल्याचं उदाहरण आहे का?

सगळे जर्मनीचं नाव घेतात, पण ते उदाहरण वाटतं तितकं सरळ नाही. १९२३ च्या महागाईत मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत कागदाच्या मोलाची झाली. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला तरीही फक्त २.६ टक्के मतं होती. मग जागतिक मंदी आली. १९३२ च्या सुरुवातीला बेकार ६० लाखांवर गेले. सरकार संसदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर चालू लागलं आणि ऐन मंदीत पगार, भत्ते, मदत कापत सुटलं. त्या पक्षाची मतं सप्टेंबर १९३० ला १८.३ टक्के, जुलै १९३२ ला ३७ टक्क्यांवर गेली. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला.

आता ही मतं कुणाची होती ते बघा. कारखान्यातून निघालेला बेकार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे गेला. हिटलरकडे जास्त करून वळले ते छोटे दुकानदार, कारागीर, प्रॉटेस्टंट शेतकरी, पेन्शनर. म्हणजे जे तळाला नव्हते, पण आपण तळाला जाऊ या भीतीने ज्यांची झोप उडाली होती. गरिबी सोसणाऱ्यापेक्षा घसरणीला भ्यालेला माणूस लवकर कुणाच्या तरी मागे जातो. आपल्याकडे दोन-तीन एकरांवर आलेल्या, एकेकाळच्या बऱ्या शेतकरी घरांतली पोरं स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत वयाची तिशी गाठताना बघते, तेव्हा मला जर्मनी आठवतो. तुलना शंभर टक्के जुळत नाही, तरी काळजी वाटते.

याच्या अगदी उलट दक्षिण आफ्रिका. तिथला गिनी जगातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी, ६३ च्या घरात. जुलै २०२१ च्या दंगलींत तिनशेच्या वर माणसं गेली. तरीही १९९४ पासून नियमित निवडणुका होतात, आणि २०२४ मध्ये मंडेलांच्या पक्षाचं बहुमत गेलं तेव्हा त्याने निकाल मान्य करून इतरांबरोबर सरकार केलं. चिलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं आणि देश पेटला. लोक म्हणत होते, प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे. तिथे राज्यकर्त्यांनी नव्या घटनेचा प्रश्न मतदानाला टाकला. त्यानंतर तयार झालेले दोन्ही मसुदे, २०२२ आणि २०२३ साली, लोकांनी नाकारले. हे अपयश आहे असं अनेक जण म्हणतात. मला वाटतं, रस्त्यावरचा राग मतपेटीपर्यंत आणता आला हीच मोठी गोष्ट झाली.

मध्यमवर्ग वाढला की लोकशाही आपोआप मजबूत होते ना?

मधला वर्ग मोठा असेल तर राज्य स्थिर राहतं, हे ॲरिस्टॉटलपासून सांगितलं गेलंय आणि त्यात तथ्य आहे. फक्त 'आपोआप' हा शब्द काढून टाका. मध्यमवर्गाने सरकारी शाळा, सरकारी दवाखाना आणि एसटी सोडली की त्यांच्यासाठी भांडणारा तोंडाळ माणूसच उरत नाही. पोरांना एका बाकावर बसवणारी शाळा गेली, याचं नुकसान पैशात मोजता येत नाही.

एखादा खमक्या हुकूमशहा आला तर विषमता पटकन संपवेल, नाही का?

चिलीत १९७३ ते १९९० असा खमक्या होता. विषमता वाढली. पण मला याचं उत्तर आजीच्या आठवणीतून द्यायचंय.

१९७२ चा दुष्काळ. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. उन्हात तापलेल्या दगडाने हाताला आलेले फोड ती मरेपर्यंत सांगायची, आणि पुढे एक वाक्य न चुकता जोडायची, "पण पोरं जगली." दुष्काळाच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं होती. भूक होती, हाल होते, पण १९४३ च्या बंगालसारखं लाखोंनी मरण आलं नाही. बंगालमध्ये परकं सरकार होतं, त्याला लोकांच्या मतांची गरज नव्हती. १९५८ ते १९६१ च्या चिनी दुष्काळात कोट्यवधी लोक मेले, आणि ते छापायला स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हतं, विचारायला विरोधी पक्ष नव्हता. महाराष्ट्रात मजुरांचे मोर्चे निघत होते, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, विधिमंडळात आमदार सरकारला धारेवर धरत होते. हा गोंगाट झाला म्हणून पोरं जगली.

त्यातूनच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये पी. टी. म्हणून कापले जातात ना, त्याचं मूळ तिथे आहे. शहराने गावाच्या मजुरीसाठी दिलेला वाटा. २००५ मध्ये देशभर रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्यामागे हा महाराष्ट्राचा अनुभव होता.

लाडकी बहीणसारख्या योजनांनी विषमता कमी होते की ही रेवडी?

रेवडी हा शब्द मी वापरत नाही. महिन्याचे १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात आले की घरात तिचा आवाज बदलतो, हे मी घरोघरी बघितलंय. औषध आणायला नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही.

पण रोजगार हमीत आणि यात एक फरक आहे. १९७७ च्या कायद्यानंतर आजीसारखी बाई काम मागू शकत होती आणि मिळालं नाही तर सरकार चुकलं असं म्हणू शकत होती, कारण तो कायदा होता. योजना जाहीर होते तशी आटोपतीही घेता येते. नाव वगळलं गेलं तर बाई भांडत नाही, हात जोडते. बहीण हा शब्द प्रेमाचा आहे, कबूल. मला तिथे 'नागरिक' हा शब्द हवा होता.

आरक्षणामुळेच समाजात दरी पडते, असं नाही का?

दरी आधी होती. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, कारण त्यांच्या दरबारातली जवळजवळ सगळी अधिकारपदं मूठभर जातींकडे होती. आरक्षण गरिबी हटवण्यासाठी निघालेलं नाही. निर्णय जिथे होतात त्या खोलीत सगळे बसावेत म्हणून ते आहे. शेती परवडत नाही, नोकऱ्या नाहीत, फी झेपत नाही, ही दुखणी खरी आहेत आणि त्यांवर औषधही हवं आहे. सगळ्याच दुखण्यांना आरक्षण हे एकच औषध मागितलं जातं, कारण बाकीची दुकानं सरकारने बंद करत आणली. मग एकमेकांशेजारी राहणारी दोन गरीब घरं एकमेकांना वैरी समजू लागतात.

राखीव जागांनी काय साधलं, असं विचारलं तर सरपंचबाईंकडे बोट दाखवते. हो, त्याच, ज्यांचे यजमान उत्तरं देत होते. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींच्या एका गाजलेल्या अभ्यासात, बाई प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाल्याचं दिसलं. पहिल्या वर्षी यजमान बोलतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाई मध्येच म्हणते, "थांबा, मी सांगते." हे मी एकाहून जास्त गावांत ऐकलंय.

मी एकटा काय करू शकतो?

ग्रामसभेला जा. शहरात असाल तर प्रभागात काय चाललंय ते विचारा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. ती खरोखर भरली की मोठ्या सभेतला बायकांचा आवाज वेगळाच लागतो. इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. लेखी विचारलेल्या प्रश्नाला 'उद्या ऑफिसात या' म्हणून वाटेला लावता येत नाही.

त्याच गावातल्या बायकांनी दोन वर्षांपूर्वी एक साधा अर्ज दिला: घरकुलाची यादी २६ जानेवारीला मंजूर करू नका, १ मेच्या सभेत मोठ्याने वाचा, तेव्हा ऊसतोडीची माणसं घरी असतात. पहिल्या वर्षी अर्ज बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या वर्षी चौऱ्याऐंशी सह्या-अंगठे घेऊन त्या पुन्हा गेल्या. १ मेला सभामंडप भरून लोक देवळाच्या पायऱ्यांवर आणि समोरच्या लिंबाखाली बसले होते. यादी सरपंचबाईंनी स्वतः वाचली, अडखळत, एकेक नाव. पन्नास मिनिटं लागली. मावशी सुरुवातीपासून उभ्याच होत्या, कुणीतरी बसा म्हणालं तरी बसल्या नाहीत. त्यांचं नाव त्रेचाळिसावं आलं.